‘सावरणे’ या शब्दावरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

भूचुंबकीय वादळांवरील, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या झोतांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या खळबळीवरील, माझ्या लेखात ‘वादळानंतर क्षेत्र सावरते’ असे वाक्य होते. त्याखाली आपण लिहिलेत : ‘क्षेत्र सावरते हे शाळकरी वाक्य आहे. पृथ्वीचे क्षेत्र बिघडतच नाही, मग सावरायचे काय? आधी वाचा, मग लिहा.’ प्रथम माझी चूक मान्य करतो. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अशा वादळाने वीज जाऊन झालेला अंधार बारा नव्हे, सुमारे नऊ तासांचा होता. ते दुरुस्त केले आहे.

‘शाळकरी’ हा शब्द मात्र आपण कोणासाठी वापरत आहोत, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. मी 27 वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे, आणि माझे बालपण अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या चुंबकीय वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर गेले. (मुंबईत विजेच्या ट्राम येऊन मोजमाप बिघडणार म्हणून 1904 मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेतले हे काम तिथे न्यावे लागले, हे आपणांस ठाऊक असेलच.)

पृथ्वीच्या गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र वादळाने ढळत नाही, हे मी लेखातच लिहिले होते. ते आपण वाचले असते तर बरे झाले असते. पण उपकरणातली सुई गाभ्याचे क्षेत्र वेगळे काढून दाखवत नाही, ती गाभ्याचे आणि बाहेरच्या प्रवाहांचे क्षेत्र यांची बेरीज दाखवते. वादळात पृथ्वीभोवती आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, वलयप्रवाह पश्चिमेकडे वाहत प्रबळ होतो, आणि त्याचे क्षेत्र विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असल्याने एकूण क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक घटतो. पुढे हे वेगवान आयन अतिविरळ बाह्य वातावरणातल्या हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि उदासीन होऊन निसटतात. मागे राहतो तो इलेक्ट्रॉन गमावलेल्या हायड्रोजनचा मंद प्रोटॉन, ज्याची प्रवाहात भर नगण्य असते. असे होता होता तो घटक काही तासांत वा दिवसांत पूर्वपदावर येतो. याला मराठीत सावरणे म्हणतात. घसरलेला माणूस सावरला असे म्हणण्यासाठी आधी त्याचे हाड मोडावे लागत नाही.

2 सप्टेंबर 1859 रोजी कुलाब्यात हा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) कोसळला आणि थोड्याच वेळात त्यातला मोठा भाग भरून आला. तिथे नोंदी करणाऱ्या निरीक्षकाला आपण ‘काही बिघडलेच नाही’ असे लिहायला सांगितले असते काय?

ऑक्सिजनचे आयन आणि सावरण्याचा आधी जलद, मग मंद वेग यांवरची आपली दहा-बारा वाक्ये येथे गौण आहेत. त्यांत मी शिरत नाही. आपण स्वतः शेवटच्या ओळीत ‘रिकव्हरी फेज’ लिहिले आहे. त्याचे मराठी आपण काय करता, तेवढे कळवावे.