पिवळा दिवा मागितला होता, ऑपरेशन थिएटर नाही

एकच गोष्ट मागितली होती हो. संध्याकाळी कामावरून आल्यावर हॉलमध्ये पाच मिनिटं टेकावंसं वाटावं. १० बाय १४ ची खोली, पांढऱ्या भिंती, पांढरी चकचकीत फरशी, करडा सोफा. सहा वर्षं तिथे बसले की दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. म्हटलं, होऊ दे खर्च, खोलीत जरा जीव आणू.

जीव आणायला जो इंटिरियरवाला आला, त्याचं पहिलंच वाक्य, "मॅडम, आधी फॉल्स सीलिंग." का? "लूक येतो." साडेनऊ फुटांतले आठ इंच त्या पीओपीने खाल्ले आणि त्यात गोल दिवे ठोकले बारा. १२ वॅटचे १२, म्हणजे १४४ वॅट, तेही एलईडीचे! जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड आता आठ-नऊ वॅटमध्ये पडतो, करा हिशेब. आमच्या हॉलमध्ये अपेंडिक्स काढता येईल.

आणि दिवे कुठले? ६५०० केल्विनचे, पांढरेफटक. मी तीनदा बजावलं होतं, खोक्यावर २७०० बघा, फार तर ३०००. इलेक्ट्रिशियन मलाच समजावतो, "ताई, मुद्दाम मोठा आकडा आणलाय, पॉवरफुल." अरे बाबा, तो आकडा ताकदीचा नाही, छटेचा! जितका लहान तितका पिवळा. वर बाराही दिवे एकाच बटणावर. वायर वाचली म्हणे. एक लावायचा तर बारा लावा.

माझा खरा जीव जळतो तो भिंतीपायी. पंधरा दिवस शेडकार्ड उशाशी घेऊन झोपले, तेव्हा कुठे सोफ्यामागच्या भिंतीला गेरूसारखा रंग ठरला. सकाळच्या उन्हात बघाल तर नजर काढाल तिची. सात वाजता बटण दाबलं की तीच भिंत शिळ्या सोलकढीसारखी. आईच्या जुन्या खणांच्या उशा शिवून घेतल्या होत्या, मरून, हिरवे काठ. त्याही मेल्या. पाहुणे तर सगळे टायफॉइडमधून उठल्यासारखे दिसतात.

बरं, त्याच इंटिरियरवाल्याला मी म्हटलं, मग निदान झोपाळा तरी टांगू, कड्या पितळेच्या आहेत माझ्याकडे. तर म्हणतो, "आता सीलिंगमुळे हुक नाही बसणार." सीलिंग कोणी घातलं रे? मी? त्याऐवजी त्याने 'वॉर्म टच' म्हणून काय सुचवावं, तर विटांचा वॉलपेपर आणि प्लास्टिकची वेल. वेलीवरची धूळ पुसायला येणारेस का?

तिरीमिरीत पुण्यातला दिव्यांचा बाजार, तपकीर गल्ली, गाठली. दुकानदार म्हणाला, "पिवळे हॉटेलवाले नेतात. घरात कोण लावतं?" मी लावते! घरी आले तर बाबा तयारच. "एवढे पैसे ओतून अंधारात बसायचं? तेही तिन्हीसांजेला, लक्ष्मी यायच्या वेळी?" बाबा, लक्ष्मी पिढ्यान्‌पिढ्या समईच्या उजेडात आली, तेव्हा तिने कधी केल्विन विचारले नाहीत. आणि ज्या वाड्याच्या आठवणी सांगताना तुमचा आवाज बदलतो ना, तिथे माजघरात एकच बल्ब होता. पिवळा.

तर आज सुट्टी टाकली, शिडी लावली आणि दिवे स्वतः उतरवले. फार काही नसतं, स्प्रिंगच्या दोन चिमट्या असतात, मेन बंद करून ओढलं की येतात खाली. उद्या पिशवी घेऊन परत तपकीर गल्ली. बदलून नाही दिले तर नवे घेईन, पण ३००० चेच.

पिशवीत अकरा आहेत. बारावा बाबांच्या खुर्चीवरचा. त्याच्याखाली पेपर उघडून बसलेत आणि हलायला तयार नाहीत.