वापसा

"आत्या, वापसाच येईना. ज्वारी पेरायची कधी?"

भाच्याचा हा फोन ऑक्टोबर २०२५मधला. वापसा म्हणजे पावसानंतर रान पेरणीजोगं सुकणं. माझं माहेर परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठावर. सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, त्यात आमचं सोयाबीन गेलंच, पण नदीकडच्या दीड एकराची काळी मातीही गेली. त्याने व्हिडिओ कॉल लावून मोबाईल जमिनीजवळ नेला. माझे वडील, म्हणजे अण्णा, जिथे ढेकळं फोडायचे तिथे पांढरा मुरूम उघडा पडला होता आणि वर नदीने आणून टाकलेले गोटे. वरच्या रानात माती शाबूत होती, पण पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतत होता.

रब्बी ज्वारीचं सगळं गणित जमिनीत मुरलेल्या ओलीवर असतं. पाऊस उघडावा, आठ-दहा दिवसांत वापसा यावा, पेरणीची पाभर चालावी आणि पुढे थंडीच्या जोरावर, एकही पाणी न देता, पीक उभं राहावं. धान्य माणसांना, कडबा जनावरांना. हवामान बदल म्हणजे काय, असं आमच्या घरी कोणी विचारलं तर उत्तर एवढंच: वापसा वेळेवर येत नाही.

मी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला राहते. शेतकी विद्यापीठाचं गाव. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला पंचविशीच्या आतली मुलंमुली असतात. भाच्याचा फोन आला त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर वाद रंगला होता: २०५०मध्ये जगाने काय खावं? मांस किती कमी करायचं, कडधान्यं किती वाढवायची, इथल्या डुकरांना ब्राझीलचं सोयाबीन का चारायचं. ही मुलं मनापासून बोलतात आणि बोलतात तसं वागतातही. कित्येकांनी मांस सोडलंय. मला त्यांचं कौतुक आहे. पण त्या दिवशी इथल्या फ्रिसलंड प्रांतातल्या एका दूधउत्पादकाची मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "माझ्या बाबांना चाळीस वर्षं सांगितलं, गोठा वाढवा. आता सांगतात, गोठा कमी करा. मी गोठा घेतला तर मला काय सांगणार आहात, ते आधी ठरवा." टेबल शांत झालं.

तिच्या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये सुमारे २० हजार माणसं भुकेने मेली. लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. युद्ध संपताच सिको मान्सहोल्ट शेतीमंत्री झाले आणि 'पुन्हा भूक नको' या एका ध्यासावर या देशाने आपली शेती उभी केली. ती इतकी उभी राहिली की हा चिमुकला देश आज शेतमालाच्या निर्यातीत, किमतीच्या हिशेबाने, जगात अगदी वरच्या जागेवर आहे. त्याची किंमत माती-पाण्याने मोजली. जनावरांच्या मलमूत्रातून सुटणाऱ्या नायट्रोजनचं प्रमाण इतकं वाढलं, की २०१९मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचं परवान्यांचं धोरणच मोडीत काढलं. मग रस्त्यांवर ट्रॅक्टर आले, घरांवर उलटे राष्ट्रध्वज लागले, आणि २०२३च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिला आला. इकडे सगळं आलबेल आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

पण एक गोष्ट इथे मान्य आहे. तरुण माणूस शेतीत राहिला नाही तर उद्याच्या अन्नाच्या गप्पा पोकळ आहेत, हे. युरोपच्या सामाईक शेती धोरणात सध्या थेट मदतीच्या रकमेतला किमान ३ टक्क्यांएवढा पैसा चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यांसाठी बाजूला काढावा लागतो. ही मदत पुरेशी नाही, असं इथली तरुण शेतकरी मंडळी सांगतात आणि ते खरंही आहे. तरी प्रश्न पटलावर आहे.

आपल्याकडे तो पटलावर नाही. आपली चर्चा गोदामाभोवती फिरते. गहू किती, तांदूळ किती, रेशनवर किती लोक. मार्च २०२२मध्ये उत्तर भारतात उन्हाने गव्हाचा दाणा बारीक पडला, मे महिन्यात गव्हाची निर्यात बंद झाली. जुलै २०२३मध्ये बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची, डिसेंबरात कांद्याची. कांद्याची बंदी मे २०२४पर्यंत चालली. नेदरलँड्स हा कांद्याचा मोठा निर्यातदार. नाशिकचा कांदा बाजारातून उठला की बाकीचे देश ती जागा धरायला बसलेलेच असतात, आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत यायला वेळ लागतो.

निर्यातबंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ८० कोटी लोकांना मोफत धान्य द्यायचं असेल तर सरकारला भाव आणि साठा दोन्ही सांभाळावे लागतात. माझ्या गावातली भूमिहीन घरं त्या माणशी पाच किलोवर महिना काढतात. त्यांना स्वस्त धान्य मिळालंच पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. स्वस्ताईची किंमत तिजोरीने भरावी. ती कांदेवाल्याच्या खिशातून का काढता? हवामान बिघडलं की एकदा पीक जाणार, आणि त्यातून जे वाचेल त्याचा भाव बंदीने पाडला जाणार. दोन्हीकडून मार खाणारा माणूस एकच. हे पंचविशीच्या मुलाला कळत नाही असं वाटतं का कुणाला?

भाच्याला कळलंय. तो बीएस्सी ॲग्री आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतो. शेतीबद्दल तो माझ्यापेक्षा जास्त जाणतो, आणि म्हणूनच त्याला शेती नको आहे. पीकविम्याबद्दल मी विचारलं तर त्याने शांतपणे समजावलं. २०२३मध्ये एक रुपयात विमा आला, २०२५मध्ये ती सवलत गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाला बांधली. म्हणजे अनेक गावांच्या मिळून असलेल्या महसूल मंडळातलं सरासरी उत्पन्न बघणार. "आत्या, आपली नदीकाठची पट्टी पूर्ण गेली तरी हिशेब मंडळाचा होणार." एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्ज झाले हे खरंच. पण चोर सापडला म्हणून घराचं छप्पर काढत नाहीत.

वर लग्नाचा प्रश्न. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात मुलं नवरदेवाच्या पोशाखात, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेली होती. त्याचे व्हिडिओ इथल्या मराठी गटांतही फिरले, लोक हसले. मला हसू आलं नाही. मुली शेतकरी नवरा नको म्हणतात, कारण आईचं आयुष्य त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. तरुणांचं अन्नसुरक्षेबद्दल मत काय, हे शोधायला कशाला जायचं? गाव सोडणारा प्रत्येक मुलगा आणि शेतात लग्न करून जायला नकार देणारी प्रत्येक मुलगी ते मत देऊन मोकळी झाली आहे.

मला राहून राहून माझी पहिली पगाराची चिठ्ठी आठवते. पुण्यातली नोकरी. कपातीत एक ओळ होती, 'पी.टी. २००'. मी अण्णांना विचारलं, हे कसले पैसे? अण्णांनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढलेले. ते म्हणाले, "हे आपलेच पैसे आहेत बाई. रोजगार हमीसाठी घेतात." पी.टी. म्हणजे व्यवसाय कर; तो १९७५मध्ये लागू झाला तो त्यासाठीच. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडं द्यायचं आणि दुष्काळात गावातल्या माणसाला हक्काचं काम मिळायचं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना १९७७मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात आली आणि पुढे देशाने उचलली. आभाळाचा धोका एकट्या शेतकऱ्याने घ्यायचा नाही, ही कल्पना आपल्याच मातीतली. ती शिकायला युरोपला यायची गरज नाही.

मग आज ती का मागू नये? जो पंचविशीत शेती हातात घेईल, त्याची पहिली पाच वर्षं तरी राज्याने सांभाळावी. त्याचा विमा त्याच्या शेताकडे बघून ठरावा. ज्वारीच्या जिल्ह्यांत अंगणवाडी आणि वसतिगृहाची भाकरी तिथल्याच ज्वारीची व्हावी आणि ती ठरल्या भावाने दरवर्षी घेतली जावी. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, पदार्थांची प्रदर्शनं भरली. ज्वारी उपटताना तळहाताला येणाऱ्या फोडांबद्दल मात्र कोणी बोललं नाही. बिनपाण्याचं हे पीक येत्या दिवसांत सगळ्यात जास्त लागणार आहे, आणि ते काढायला माणूस मिळत नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याने फोटो पाठवला. वापसा यायला नोव्हेंबर उजाडला, तेव्हा भावाने वरच्या रानात हरभरा पेरला. बांधाकडेला मात्र चार तास, म्हणजे चार ओळी, ज्वारीचे आहेत, मालदांडी वाणाचे. घरचं बियाणं पुरात गेलं होतं, शेजारच्या गावातून पायलीभर आणलं. खाली भाच्याने लिहिलंय, "काढणीला कोणी मिळालं नाही तर मी जातो म्हणालोय. तेव्हा परीक्षा नसली तर."