परवाना नसलेल्या ऑनलाइन कॅसिनोत पैसे भरण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या किंवा शिकायला आलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली ‘गॅमस्टॉपमध्ये नसलेले कॅसिनो’ (गॅमस्टॉप म्हणजे स्वतःला ऑनलाइन जुगारापासून रोखण्यासाठी नाव नोंदवण्याची ब्रिटनमधील योजना), ‘कागदपत्रांची कटकट नाही’, ‘डावाला मर्यादा नाही’ अशा शब्दांत परदेशी ऑनलाइन कॅसिनोंचे दुवे फिरताना दिसतात, आणि ते पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. जुगार खेळावा की खेळू नये हा प्रश्न मी येथे बाजूला ठेवतो. मला एवढेच म्हणायचे आहे की, या जाहिरातींत सोय म्हणून जे जे मिरवले जाते ते ब्रिटिश कायद्याने खेळाडूला दिलेले एकेक संरक्षण असते, आणि ते गमावल्याची किंमत पैसे भरताना कळत नाही, ती पैसे काढायला गेल्यावर कळते.

प्रथम कायदा पाहू. २००५ चा जुगारविषयक कायदा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. या कायद्यानुसार जुगारावर देखरेख करणारे गॅम्बलिंग कमिशन स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय बर्मिंगहॅमला आहे. पूर्वी जिब्राल्टर, माल्टा, आल्डर्नी अशा ठिकाणचा परवाना असलेल्या कंपन्यांना ब्रिटिश ग्राहकांना सेवा देता येत असे. १ नोव्हेंबर २०१४ पासून मात्र कंपनी जगात कोठेही असली तरी खेळणारा ग्रेट ब्रिटनमध्ये असेल, तर तिच्याकडे कमिशनचा परवाना असलाच पाहिजे, असा नियम झाला. परवान्याविना अशी सोय पुरवणे हा गुन्हा आहे, पण तो पुरवणाऱ्याचा. अशा संकेतस्थळावर केवळ खेळल्याबद्दल खेळाडूवर खटला होत नाही. ‘आपल्याला कोण पकडणार?’ असे जे म्हणतात ते म्हणूनच अक्षरशः खरे आहे; फक्त त्यावरून आपले पैसेही सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढला जातो, तेथे घोटाळा होतो.

जिंकलेल्या पैशावर कर नाही, असे आमिषही या जाहिरातींत हमखास असते. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीकडून जिंकलेल्या रकमेवरही खेळाडूला कर द्यावा लागत नाही, कारण कर कंपनी भरते. उलट, परदेशी कॅसिनोने बिटकॉइनमध्ये पैसे दिले आणि ते विकताना त्यांची किंमत वाढलेली असली, तर त्या नफ्यावर भांडवली नफा कर लागू शकतो.

कंपनी कोठे नोंदलेली आहे यावरून मात्र काहीच ठरत नाही. ब्रिटनमधील अनेक नामांकित कंपन्यांची कार्यालये जिब्राल्टरमध्ये किंवा आइल ऑफ मॅनवर आहेत आणि त्यांच्याकडे ब्रिटिश परवाना आहे. पाहायचे ते एवढेच की कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत त्या परवान्याखाली नेमका तोच वेबपत्ता नोंदलेला आहे का. पानाच्या तळाशी बोधचिन्ह आणि परवाना क्रमांक चिकटवणे कोणालाही जमते, त्यामुळे तळाशी काय लिहिले आहे ते वाचून समाधान मानू नये. नोंदवही स्वतः उघडून पत्ता अक्षर न् अक्षर जुळवावा. फुटबॉल संघाच्या जर्सीवर नाव आहे म्हणून कंपनी विश्वासार्ह, हा समज तर मुळीच बाळगू नये. आइल ऑफ मॅनवरील टीजीपी युरोप ही परवानाधारक कंपनी आपल्या परवान्याखाली इतर अनेक ब्रँडची ब्रिटिश संकेतस्थळे चालवत असे, आणि त्यांतील काही ब्रँड प्रीमियर लीगमधील जर्सींवर झळकत होते. मे २०२५ मध्ये कमिशनने ३३ लाख पौंडांचा दंड ठोठावल्यावर तिने परवाना परत केला आणि ती ब्रिटिश बाजारातून बाहेर पडली. त्यानंतर परवाना नसलेल्या ब्रँडची जाहिरात केल्यास तुमच्या पदाधिकाऱ्यांवर खटला होऊ शकतो, असा इशारा कमिशनला फुटबॉल क्लबांना द्यावा लागला. जर्सीच्या पुढच्या बाजूस जुगार कंपन्यांची नावे न घेण्याचे प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्येच मान्य केले होते, पण अंमलबजावणीची मुदत २०२५-२६ चा हंगाम संपेपर्यंतची घेतली. या दिरंगाईचे मला कधीच समर्थन करता आले नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसे काढणे. ब्रिटिश परवानाधारकाला मे २०१९ पासून खेळाडूचे नाव, पत्ता आणि वय खेळ सुरू होण्याआधीच पडताळावे लागते. अनेकांना ही कटकट वाटते. परवाना नसलेल्या ठिकाणी सुरुवातीला काहीच विचारत नाहीत, ईमेल आणि पासवर्ड दिला की दोन मिनिटांत खाते उघडते, आणि खेळाडू काही हजार पौंड जिंकून ते मागू लागला की मगच पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, बँकेचे विवरण, हातात ओळखपत्र धरलेले छायाचित्र अशी मागण्यांची मालिका सुरू होते. एक कागद अस्पष्ट ठरतो, दुसरा जुना ठरतो, तिसऱ्यावरचा पत्ता जुळत नाही. दरम्यान रक्कम ‘प्रलंबित’ दिसत राहते आणि शेजारीच ती पुन्हा खेळात घेण्याचे बटण असते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून असे बटण देण्यास मनाई आहे, कारण वाट पाहून कंटाळलेला माणूस ते दाबतो आणि जिंकलेले सगळे हरून बसतो, हे नियामकाला अनुभवाने कळले होते. त्यातूनही कोणी संयम राखला, तर आठवड्याला अमुक पौंडांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत, बोनस चालू असताना ठरावीक रकमेपेक्षा मोठा डाव लावला म्हणून जिंकलेले जप्त, व्हीपीएन (आपण कोणत्या देशातून आलो हे लपवणारी सोय) वापरले म्हणून खाते बंद, अशी कलमे पुढे येतात. व्हीपीएनचे कलम तर विशेष लबाडीचे आहे. ब्रिटनमधून व्हीपीएन लावून या, असे सुचवणारे मध्यस्थ त्याच कॅसिनोकडून दलाली घेतात, आणि हरताना कोणीही न पाहिलेला तो व्हीपीएन जिंकल्यावर मात्र बरोबर सापडतो.

हे सगळे सोसून झाल्यावर तक्रार कोणाकडे करायची? परवानाधारक कंपनीने आठ आठवड्यांत तक्रार मिटवली नाही, तर खेळाडूला आयबाससारख्या मान्यताप्राप्त तंटा निवारण संस्थेकडे विनामूल्य जाता येते. परवाना नसेल तर हा दरवाजाच नाही. कमिशनला कळवता येते आणि कळवावेही, पण कमिशन कोणाचे वैयक्तिक पैसे वसूल करून देत नाही.

‘पण त्यांच्याकडे क्युरसावचा परवाना आहे’ असे उत्तर यावर मिळते. क्युरसाव या कॅरिबियन बेटावर अनेक वर्षे मोजके चार मुख्य परवानाधारक होते आणि ते आपल्या छत्राखाली असंख्य संकेतस्थळांना उपपरवाने वाटत. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे नवा कायदा लागू झाला आणि ती पद्धत मोडीत निघाली. सुधारणा स्वागतार्ह आहे, पण क्युरसावचा काय किंवा कोमोरोस बेटांतील अंजुआनचा काय, कोणताच परवाना ब्रिटनमध्ये व्यवसाय करण्याची मुभा देत नाही. माल्टाने तर २०२३ मध्ये कायद्यात अशी तरतूद केली की, तेथील नियमांनुसार कायदेशीर असलेल्या व्यवसायाबद्दल माल्टाच्या कंपनीविरुद्ध परदेशी न्यायालयाने दिलेला निकाल तेथील न्यायालयांनी मान्य करू नये. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील खेळाडू आपापल्या देशात हरलेल्या पैशांचे दावे जिंकत होते, त्याला हे उत्तर होते. आपल्या बाजूने निकाल लागणे आणि पैसे हातात पडणे यांत किती अंतर असू शकते, हे यावरून समजावे. त्याआधीचे फुल टिल्ट पोकर या ऑनलाइन पोकर कंपनीचे प्रकरण जुने असले तरी विसरण्यासारखे नाही. आल्डर्नीच्या परवान्यावर चालणाऱ्या या कंपनीचा परवाना जून २०११ मध्ये निलंबित झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार तिच्याकडे जगभरातील खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर येणे होते आणि बँकेत जेमतेम ६ कोटी होते. पुढच्या वर्षी पोकरस्टार्स या प्रतिस्पर्धी कंपनीने ती विकत घेतली म्हणून अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना नोव्हेंबर २०१२ मध्ये पैसे मिळाले. खरेदीदार पुढे आला नसता तर काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

बोनसचा हिशेब कागदावर मांडून पाहावा, कारण येथे चांगले शिकलेले लोकही फसतात. समजा आपण १०० पौंड भरले, कॅसिनोने १०० पौंड बोनस दिला आणि अट घातली की भरणा आणि बोनस मिळून झालेली रक्कम ४० वेळा खेळली गेल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे ८,००० पौंडांचे डाव लावावे लागतील. स्लॉटमध्ये, म्हणजे चित्रांची चक्रे फिरवण्याच्या खेळात, कॅसिनोचा वाटा ५ टक्के धरला, तर तेवढ्या खेळात सरासरी ४०० पौंड हरणे अपेक्षित आहे, आणि आपल्याजवळ एकूण आहेत २००. फुकट मिळालेले १०० पौंड अट पूर्ण होण्याच्या कितीतरी आधीच संपलेले असतात. ब्रिटिश परवानाधारकांना १९ जानेवारी २०२६ पासून बोनसच्या १० पटींपेक्षा जास्त अट घालता येत नाही, म्हणजे त्याच १०० पौंडांच्या बोनससाठी १,००० पौंडांचे डाव आणि सरासरी ५० पौंडांची हानी. दोन्ही बाजूंना बोनसच म्हणतात.

‘डावाला मर्यादा नाही’ या वाक्याचाही असाच हिशेब होतो. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटच्या एका स्पिनला एप्रिल २०२५ पासून कमाल ५ पौंड आणि मे २०२५ पासून १८ ते २४ वयोगटासाठी कमाल २ पौंड लावता येतात. दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद जावे लागतात आणि आपोआप फिरत राहण्याची सोय बंद आहे. ही मर्यादा फार कडक आहे असेही नाही. ५ पौंडांच्या डावाने अखंड तासभर खेळले तर १,४४० स्पिनमध्ये ७,२०० पौंड लावून होतात, आणि ५ टक्क्यांनी सरासरी ३६० पौंड जातात. डाव ५० पौंडांचा झाला की हाच आकडा तासाला ३,६०० होतो. एमएससीसाठी शिक्षणकर्ज काढून आलेली आपली बरीच मुले चोवीसच्या आतली आहेत. त्यांच्यासाठी ठरवलेली २ पौंडांची मर्यादा टाळता यावी म्हणून जे संकेतस्थळ त्यांना गाठते, त्याला त्यांच्या वयाची माहिती नसते असे मला वाटत नाही.

आणि गॅमस्टॉप. ज्याला आपला हात थांबत नाही हे उमगले आहे तो स्वतःहून या योजनेत नाव नोंदवतो, आणि मग सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे त्याला कोणत्याही परवानाधारक संकेतस्थळावर खेळता येत नाही. मुदत संपेपर्यंत नोंदणी मागेही घेता येत नाही. ३१ मार्च २०२० पासून सर्व ऑनलाइन परवानाधारकांना या योजनेत असणे सक्तीचे आहे. तेव्हा ‘आम्ही गॅमस्टॉपमध्ये नाही’ ही जाहिरात कोणासाठी असेल? सर्वसाधारण खेळाडूला या वाक्याशी काही देणेघेणे नाही. ज्याने मोठ्या कष्टाने स्वतःला कुलूप लावून घेतले आहे, त्यालाच शोधून काढण्यासाठी ते लिहिलेले असते. दारूच्या दुकानदाराने व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकावर पाटी लावावी, तसा हा प्रकार आहे. या एका वाक्यावरून मी त्या संकेतस्थळाबद्दल कायमचे मत बनवतो, आणि ते बदलण्याचे कारण मला अजून कोणी दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे. परवाना म्हणजे ठेवींचा विमा नव्हे. ब्रिटिश परवाना असलेली फुटबॉल इंडेक्स ही फुटबॉलपटूंच्या कामगिरीवर पैसे लावण्याची कंपनी मार्च २०२१ मध्ये कोसळली आणि हजारो ग्राहकांचे पैसे बुडाले, तेव्हा कमिशनच्या संथपणावर टीका झाली आणि ती रास्त होती. कंपनी बुडाल्यास ग्राहकांच्या पैशांचे काय होईल हे परवानाधारकाला जाहीर करावे लागते. ‘संरक्षण नाही’, ‘मध्यम’ आणि ‘उच्च’ अशा त्याच्या तीन पातळ्या आहेत आणि खाते उघडताना ती ओळ वाचावी. महिन्याला १५० पौंडांपेक्षा जास्त निव्वळ भरणा झाला की होणारी आर्थिक तपासणी काहींना अपमानास्पद वाटते, तेही मी समजू शकतो. शिवाय नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ऑनलाइन कॅसिनोवरील कर एप्रिल २०२६ पासून २१ वरून ४० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. हा कर न भरणाऱ्यांचे बोनस आता आणखी घसघशीत दिसणार, आणि सरकारने याचा पुरेसा विचार केला होता का, याबद्दल मला शंका आहे.

आपल्याकडून येणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. भारतात क्रिकेटवर पैसे लावण्यासाठी व्हॉट्सॲपवरच्या एजंटाकडून ‘आयडी’, म्हणजे जुगाराच्या संकेतस्थळावरचे तयार खाते, घेण्याची पद्धत अनेकांच्या अंगवळणी पडलेली आहे. भारतीय संसदेने २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तर येथे प्रत्येक हाय स्ट्रीटवर पैजांची दुकाने उघडपणे चालतात. त्यामुळे ब्रिटनमध्ये सगळेच चालते, असा समज करून तोच आयडी येथे वापरला जातो, कधी मित्रांना थोड्या कमिशनवर दिलाही जातो. वापरणारा फक्त पैसे गमावेल. देणारा मात्र परवान्याविना जुगाराची सोय पुरवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहू शकतो. जिंकलेले पैसे अनोळखी व्यक्तींच्या खात्यांतून आले, तर बँक खाते गोठवू शकते, आणि भाडे, पगार, फी सारे एकाच खात्यावर असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी सर्व संभाषणांचे आणि शिल्लक रकमेचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवावेत, कारण खाते बंद झाले की काहीच दिसत नाही. डेबिट कार्डाने भरणा केला असेल तर बँकेला चार्जबॅकबद्दल, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याबद्दल, विचारावे. क्रिप्टोने केला असेल तर ही वाट बंद आहे. रक्कम मोकळी करण्यासाठी आधी कर किंवा शुल्क भरा, असा निरोप आला तर एक पेनीही भरू नये. काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे आम्ही वसूल करून देतो’ असा कोणाचा तरी फोन येण्याचीही शक्यता असते, आणि तोही आगाऊ शुल्कच मागतो. बँकेला सांगून कार्डावर जुगाराचे व्यवहार बंद करून घेता येतात. मात्र परवाना नसलेल्या संकेतस्थळांचे व्यवहार कधी कधी दुसऱ्याच व्यवसायाच्या नावाने नोंदवले जात असल्याने फोनवर गॅमबॅनसारखे रोधक ॲपही ठेवावे. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइनचा क्रमांक ०८०८ ८०२० १३३ आहे, तो विनामूल्य आहे आणि तेथे घरातल्या माणसांनाही बोलता येते.