फसफस गंजाची नव्हे, पत्र्याची

उसाचा सीझन आटोपला, ट्रॉल्या सुटल्या, की आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात लोकांना जुन्या ट्रॅक्टरची टाकी आठवते. सध्या टाकीतला गंज काढायचा एक मेसेज मराठी ग्रुपवरही फिरतोय आणि कन्नड ग्रुपवरही. इकडं गंज, तिकडं तुक्कु, बाकी मजकूर तोच. संडास धुवायच्या ॲसिडच्या दोन बाटल्या टाकीत ओता, मूठभर खडी टाकून हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी पाण्यानं धुवा, खालून जाळ देऊन वाळवा, डिझेल भरा. बारीक गंज राहिला तर तो फिल्टर धरतो. आणि शेवटी, गंज धरतो तो पंपावरच्या भेसळीच्या डिझेलमुळं, मिस्त्रीला पैसे देऊ नका.

मिस्त्रीचे पैसे वाचवायला माझी ना नाही. आमचा मॅसी 1035 ट्रॅक्टर माझ्या थोरल्या पोरापेक्षा वयानं मोठा आहे आणि त्याची टाकी मी स्वतःच उतरवतो. म्हणूनच हे लिहितोय.

आधी ॲसिड. सोबतच्या व्हिडिओत ॲसिड पडल्याबरोबर फेस येतो आणि मागून आवाज येतो, "बघा, गंज कसा सुटतोय." गंज ॲसिडमध्ये विरघळतो खरा, पण त्याला बुडबुडे येत नाहीत. पाणी पिवळसर होतं, एवढंच. बुडबुडे असतात हायड्रोजनचे, आणि ते निघतात ॲसिड चांगल्या लोखंडाला लागलं की. म्हणजे ती फसफस गंजाची नव्हे, पत्र्याची. गंज सगळीकडं सारखा नसतो. तळाला जाड, बाजूला नुसता डाग. तळाचा सुटेपर्यंत बाजूचा पत्रा रात्रभर खाल्ला जातो. अनेक जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा पातळ मुलामा असतो, तोही त्यात जातो. वर हायड्रोजन पेट घेणारा वायू. बंद शेडमध्ये टाकी ठेवून शेजारी विडी ओढणारे आपल्याकडं कमी नाहीत. त्यात कुणी "आणखी स्वच्छ होईल" म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीन सुटतो. तो छातीत गेला तर जिवावर बेततं.

एक गोष्ट मेसेजवाल्याच्या ध्यानातच आलेली नाही. टाकीला आतून डिझेलचा चिकट थर असतो. तो साबणाच्या नाहीतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं काढल्याशिवाय कुठलंही ॲसिड गंजापर्यंत नीट पोचत नाही. तेलकट जागा तशीच राहते आणि उघड्या जागी भोक पडतं.

खडीचं सांगतो. निपाणीकडच्या आमच्या एका पाहुण्यांनी हा प्रयोग केला आणि टाकी घेऊन माझ्याकडं आले.

"दाजी, खडी किती टाकली होती?"

"मूठभर."

"मोजून?"

दाजी गप्प. टाकीच्या आत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे असतात. त्यांच्यामागं अडकलेला खडा बाहेर काढायला आम्हाला अख्खी दुपार गेली. टाकी उलटी करायची, हलवायची, कान लावायचा. खडीऐवजी हातभर साखळी घाला. तिचं एक टोक तारेनं बाहेर बांधून ठेवलं की ती हरवत नाही. नट-बोल्ट घालायचेच असतील तर आत किती गेले ते मोजा आणि बाहेर तितकेच आले का तेही.

जाळ देऊन वाळवायचं तर मुळीच नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेल सहजी पेटत नाही म्हणतात, पण पत्र्याला चिकटलेलं डिझेल तापलं की त्याची वाफ होते आणि मग एक ठिणगी पुरे. भोकावर वेल्डिंग मारतानाही हेच. धुतलेली दिसते म्हणून टाकी तशीच वेल्डरपुढं ठेवू नका.

आता फिल्टर. हे वाक्य सगळ्यात गोड आणि सगळ्यात महागात पडणारं. फिल्टर गंज धरतो, बरोबर, आणि धरता धरता बंद होतो. रिकामा ट्रॅक्टर मस्त चालतो, नांगर जमिनीत घातला किंवा उसाची ट्रॉली चढाला लागली की दम सोडतो. फिल्टरातून निसटलेलं पुढं इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपात जातं. तिथं प्लंजर म्हणजे आतला दट्ट्या आणि बॅरल म्हणजे त्याची नळी, यांच्यातली फट 2 ते 4 मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. त्या फटीत गंजाची भुकटी म्हणजे पॉलिश कागदच. पंप-नोझलचं बिल पाहिलं की मिस्त्रीची मजुरी चिल्लर वाटते. टाकी धुतली की फिल्टर नवेच घाला, फिल्टरपाशी गाळ साठतो ती काचेची वाटी आणि टाकीखालच्या कॉकची जाळी साफ करा, मग लाईनमधली हवा काढा.

भेसळीचं डिझेल कुठंच नसतं असं मी म्हणत नाही. पण जो ट्रॅक्टर सीझन संपल्यावर अर्ध्या टाकीवर उभा राहतो, त्याला भेसळीची गरजच नाही. दिवसा टाकीतली हवा तापते, रात्री गार होते, हवेतलं बाष्प पत्र्यावर थेंब होऊन बसतं. खानापूरकडं पावसाळ्यात हवाच ओली, तिथं विचारायलाच नको. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जातं आणि महिनोन् महिने तिथंच राहतं. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात, आणि काळपट बुळबुळीत साका होतो तो त्यांचाच. संशय असेल तर कॉकमधून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा, रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी तळाला वेगळं दिसेल. ट्रॅक्टर उभा करायचा तर टाकी भरून. आणि डिझेल साठवायला जस्ताचा डबा वापरू नका; जस्त डिझेलात उतरतं आणि फिल्टर-नोझलला त्रास देतं.

मी काय करतो तेही सांगतो. टाकी उतरवून, कॉक आणि डिझेल दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट काढून, भोकं रबरानं बंद करायची. सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं, साखळी फिरवायची, खपल्या पाडायच्या. मग 40 लिटर गरम पाण्यात 2 किलो सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, भरून एक दिवस ठेवायचं. हेही शेवटी ॲसिडच, चार दिवस विसरलात तर तेही पत्रा खातं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच उन्हात, ब्लोअरनं वाळवायचं. लगेच म्हणजे लगेच. उघडा झालेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा तांबडा होतो. वाळल्याबरोबर दोन लिटर डिझेल आत फिरवून काढून टाकायचं. घाई नसेल तर 1 भाग काकवी, 9 भाग पाणी, आठ-पंधरा दिवस. गुऱ्हाळाच्या मुलखात हे औषध स्वस्त, पण वास असा सुटतो की बायको घरात घेत नाही.

दाजींची टाकी धुतल्यावर उजेडाकडं धरली तर तळाला चार भोकं. त्यातली काही आधीचीच असणार, गंजानंच बुजलेली. ते माझ्यावर रागावले, मेसेजवर नाही. मग मी त्यांना विचारलं, मुळात टाकी उतरवली कशासाठी? म्हणाले, ट्रॅक्टर तासभर चालून बंद पडायचा, झाकण उघडून डिझेल बघितलं की पुन्हा चालू व्हायचा. झाकण मागवलं. त्याच्या वरचं हवेचं भोक चिखलानं बुजलं होतं; हवा आत शिरत नव्हती, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. सुईनं टोचून मोकळं केलं.