मालकाचं उत्तर: वायर जाड का टाकली आणि बॅटरी का बसली

नमस्कार सर,

तुमच्या रिव्ह्यूतला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. आम्ही वायरिंग करून दिलेल्या तुमच्या कॅम्परव्हॅनमध्ये (आत राहायची सोय असलेल्या गाडीत) सहलीत रात्री अंधार झाला, फ्रीजमधलं सामान टाकून द्यावं लागलं, घरच्यांची झोप गेली, याबद्दल दिलगीर आहे. गाडी ठरल्या दिवशी मिळाली नाही हेही खरं. चार्जर आमच्याकडेच उशिरा आला होता. त्यावर वाद घालत नाही.

तुमच्या आणखी दोन तक्रारी आहेत. एक, दुसऱ्या रात्री मीटरवर बॅटरी ३८ टक्के दिसत असताना सगळं बंद पडलं. दुसरी, "६ एमएमची वायर पुरली असती तिथे २५ ची टाकून बिल फुगवलं". (इथे एमएम म्हणजे वायरीच्या आडव्या छेदाचे चौरस मिलिमीटर.) बॅटरीचं खाली सांगतो, पण आधी वायरीचं. काम चुकलं असं कोणी म्हटलं तर तपासता येतं. लुबाडलं म्हटलं की ते चार लोक वाचतात आणि पुढचा माणूस दारातच येत नाही. आमचं पोट याच कामावर आहे.

तुम्ही लिहिलंय की घरातला गिझर ४ एमएमवर चालतो, मग १२ व्होल्टला एवढी जाड वायर कशाला. हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि विचारावाच. वायरीची जाडी ठरते ती अँपिअरवरून, म्हणजे तिच्यातून किती प्रवाह जातो त्यावरून. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेतो. तेच २००० वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर १६७ अँपिअर लागतात. व्होल्ट कमी म्हणून वायर बारीक, असं समजून केलेली कामं आमच्याकडे दुरुस्तीला येतात, काळ्या पडलेल्या लगांसकट (लग म्हणजे वायरीच्या टोकाला बसवतात ती धातूची कडी).

आता तुमच्या गाडीचं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, पुढे इंजिनात, राहत्या भागाची बॅटरी मागच्या बाकाखाली आणि अल्टरनेटरची वीज घेऊन ती भरणारा डीसी-डीसी चार्जर तिच्या शेजारी. फरशीखालून वळसे घेत वायर नेली की एका बाजूने ६ मीटर भरते. प्लस गेला तसा मायनसही परत यायला हवा, म्हणजे एकूण १२ मीटर. (मायनसला गाडीची बॉडी वापरता आली असती, असं तुमचे मित्र म्हणाले. आली असती. पण रंग आणि गंज चढलेल्या जोडांवर मी चार्जिंग सोडत नाही.) चार्जर ३० अँपिअरचा आहे. बॅटरीला ३० द्यायला तो अल्टरनेटरकडून थोडे जास्त घेतो, ३५ धरा. आता कागद घ्या: एक मीटर लांब, एक चौरस एमएम तांब्याच्या वायरीचा रोध ०.०१७५ ओहम, गुणिले १२ मीटर, भागिले ६ एमएम, झाले ०.०३५ ओहम. गुणिले ३५ अँपिअर. १.२ व्होल्ट वाटेतच गेले. हाच हिशोब २५ एमएमला केला तर ०.३ च्या आत राहतो.

१.२ व्होल्टने असं काय बिघडतं? तुमची गाडी नवी आहे. तिचा अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, कधी साडेबारापर्यंत, आणि ब्रेक मारताना वर नेतो. साडेबारातून १.२ वजा केले की चार्जरच्या तोंडाशी ११.३ उरतात. चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं, आता इंजिन सुरू करणारी स्टार्टरची बॅटरी जपायला हवी, आणि तो थांबतो. थांबला की वायरीतला प्रवाह थांबतो, व्होल्टेज परत चढतं, चार्जर परत सुरू होतो, परत थांबतो. तुम्ही पाचशे किलोमीटर गाडी चालवाल आणि पोचल्यावर बॅटरी अर्धीच भरलेली सापडेल. तेव्हाही तारा एकच मिळाला असता, फक्त कारण वेगळं असतं. शिवाय त्या १.२ व्होल्टचे ४० हून जास्त वॅट जातात कुठे? वायर तापवण्यात, तीही प्लायवूडच्या मागे, जिथे वारा लागत नाही.

बिलच फुगवायचं असतं तर सगळीकडे जाड वायर टाकली असती. तुमच्या छतावरच्या सोलर पॅनेलपासून त्याचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत ६ एमएमच आहे, कारण २०० वॅटच्या त्या पॅनेलमधून १० अँपिअरच्या आसपास येतात आणि तिथे तेवढी पुरते. दिव्यांना दीड एमएम आहे. जिथे जेवढी हवी तेवढी. आणि लबाडीच करायची असती तर त्याचा सोपा रस्ता मला ठाऊक आहे: तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. वरून तशीच दिसते, हातात हलकी लागते आणि प्रवाहाला जवळपास दीडपट विरोध करते. तुमच्याकडे वायरीचा उरलेला तुकडा आम्ही पिशवीत घालून दिला आहे. त्यातली एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर पूर्ण बिल परत.

कोटेशनमध्ये "२५ स्क्वेअर, पूर्ण तांबं, १२ मीटर" ही ओळ वेगळी लिहिली होती. त्यावर तुमचा होकाराचा मेसेजही आहे. तो इथे टाकत नाही, बरं दिसत नाही.

आता बॅटरी. जाड वायर दाखवायला तुम्ही बॅटरीचा फोटो टाकलात ते बरं झालं. तो जरा मोठा करून बघा. प्लसच्या खांबावर आमची लाल वायर आहे: दाबून बसवलेला लग, त्यावर आवळलेली नळी, पुढे वीतभरावर फ्यूज, वर चिकटवलेली चिठ्ठी. त्याच बोल्टखाली आणखी एक बारीक लाल वायर दिसते. तिला लग नाही, उघड्या तारा पिळून अडकवल्या आहेत, वर काळी टेप. तिची जोडीदार काळी वायर थेट मायनसच्या खांबावर गेली आहे. या दोन वायरी आमच्या नाहीत. तुमच्याच मजकुरात "नंतर आम्ही लावलेले दोन पंखे" असा उल्लेख आहे, त्यांच्याच असाव्यात.

तुमच्या प्रकारच्या लिथियम बॅटरीत किती चार्ज उरला ते व्होल्टेजवरून नीट कळत नाही. लेडच्या बॅटरीत व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, त्यावरून अंदाज येतो. या लिथियममध्ये ते जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून आपण शंटवाला मीटर लावतो. शंट म्हणजे मायनसच्या वाटेवर बसवलेला धातूचा तुकडा. त्यातून जे जातं-येतं ते मीटर मोजतो. तुमचे पंखे शंटला वळसा घालून थेट बॅटरीवर गेले, त्यामुळे त्यांचा एक अँपिअरही मीटरला दिसला नाही. दोन्ही मिळून अडीच अँपिअर धरा. दोन दिवसांत पंधरा तास चालले तरी ३७-३८ अँपिअर-तास झाले. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे तेवढेच टक्के मीटरच्या नकळत गेले. मीटर ३८ टक्के दाखवत होता तो त्याच्या परीने बरोबरच होता. आतून मात्र बॅटरी संपली होती, आणि ती बिघडू नये म्हणून तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने सगळं तोडलं. ती मेलेली नाही. चार्जर लावलात की उठेल.

यात आणखी एक भर होती. इन्व्हर्टरचं बटण दोन्ही दिवस चालू राहिलं, असं तुम्हीच फोनवर म्हणालात. काहीही न जोडता तो २० वॅट खातो. दिवसाचे ४८० वॅट-तास, म्हणजे तुमच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. आणि गाडी उभी होती झाडाखाली. गारव्यासाठी सावली बरोबरच आहे, पण पॅनेललाही तीच सावली लागते. पॅनेलच्या थोड्या भागावर फांदी आली तरी उत्पादन थोडं नाही, बरंच पडतं. भर उन्हातही आडव्या बसवलेल्या २०० वॅटच्या पॅनेलकडून आम्ही १४०-१५० चीच अपेक्षा ठेवतो, कारण २०० हा आकडा पॅनेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचा आहे आणि छतावर तो त्याहून कितीतरी तापतो. हे सगळं गाडी देताना सांगितलं होतं. तुम्हाला निघायची घाई होती, एवढंच म्हणतो.

तरी सूचना घेतली आहे. इन्व्हर्टर आणि मीटरच्या वापराची चिठ्ठी आता प्रत्येक गाडीत स्विचजवळ लावू. उशीर होणार असेल तर आधी कळवायची पद्धतही बसवतोय. फोन उचलला जात नाही ही तक्रार आणखी कुणी केली होती, तिचंही बघतो.

तारे वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार. पण वायर खरवडून बघितलीत आणि तांबं निघालं, तर लुबाडल्याची ती ओळ तेवढी काढा, ही विनंती.

गाडी कधीही घेऊन या, तपासणीचे पैसे नाहीत. फ्यूजबॉक्समध्ये दोन जागा रिकाम्या ठेवल्या होत्या त्या अशाच कामासाठी. पंखे तिथून योग्य फ्यूज घालून जोडून देऊ, म्हणजे मीटरही खरं सांगेल. तोवर त्या बारीक वायरी तशाच ठेवून गाडी चालवू नका. त्यांना फ्यूज नाही. कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाल्या तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि ती वायर बाकाच्या फोमला लागूनच गेली आहे. पंखे आणि इन्व्हर्टर बंद करा, आधी काळी वायर सोडवा, मग लाल, लाल टोकाला टेप गुंडाळा आणि आमची जाड वायर त्याच बोल्टवर परत घट्ट आवळा. पाना प्लसवर असताना मायनसला किंवा गाडीच्या पत्र्याला टेकू देऊ नका.