राग खालच्याच माणसावर का निघतो?

मे महिन्यातल्या भर दुपारी सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला एका कारवाल्यानं हातगाडीवाल्याच्या कानाखाली वाजवली. गाडीला हातगाडी घासली म्हणे. "दिसत नाही का बे?" एवढं ओरडला आणि दिली ठेवून. बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "ऊनच तसलं पडलंय ओ, डोकं फिरतंय माणसाचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मार खाणाऱ्यानंही.

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. ते वाक्य मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

उन्हाचं म्हणणं खोटं नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केनरिक आणि मॅकफार्लेन या संशोधकांनी सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी जागेवरच उभी ठेवली आणि मागचे लोक किती हॉर्न वाजवतात ते मोजलं. पारा चढला तसे हॉर्न वाढले. काचा उघड्या ठेवून, म्हणजे एसीशिवाय, बसलेल्यांमध्ये तर हे फारच ठळक दिसलं. एप्रिल-मेमध्ये विजापूर रोडवर दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही हे पटेल.

पण त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, डूब आणि ग्रॉस या दोघांचा असाच एक अभ्यास कॅलिफोर्नियात झाला होता. गाडी सिग्नलला अडकूनच बसायची, फक्त कधी ती भारी, चकचकीत असायची, तर कधी जुनीपानी. जुन्या गाडीमागं हॉर्न लवकर वाजले आणि जास्त जणांनी वाजवले. खोळंबा दोन्हीकडे तोच. फरक होता तो पुढच्याच्या ऐपतीचा.

माझं सगळं म्हणणं इथं आहे. राग किती चढणार हे ऊन, भूक, अपुरी झोप, दारू, डोक्यावरचं कर्ज ठरवत असेल. तो कुणावर काढायचा हे मात्र माणूस ठरवतो, आणि अगदी हिशेबानं ठरवतो. हातगाडीच्या जागी पोलिसांची जीप घासली असती तर त्याच उन्हात त्याच माणसाचं डोकं ठिकाणावर राहिलं असतं. दिवसभर साहेबापुढं "हो सर, हो सर" करणारा घरी आल्यावर आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो, तेव्हा सगळे म्हणतात त्याचा ताबा सुटला. मग दिवसभर तो ताबा कुठून आला होता?

१९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की आक्रमकतेमागं नेहमी वैफल्य असतं, माणसाला हवं ते कुणीतरी अडवलेलं असतं. त्यातलं 'नेहमी' टिकलं नाही, त्यांच्यातल्याच नील मिलर यांनी दोन वर्षांत दुरुस्ती केली. पुढं लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी दाखवलं की नुसतं वैफल्य कशाला, दुखणं, उकाडा, दुर्गंधी, असं काहीही त्रासदायक माणसाला चिडायला तयार करतं. पण डोलार्ड यांच्या मांडणीतला एक भाग आजही उपयोगी आहे. ज्यानं अडवलं त्याच्यावर हात टाकणं धोक्याचं असेल तर राग दुसरीकडे वळतो. वड्याचं तेल वांग्यावर.

हे पाहायला शहराच्या पूर्व भागात जा. यंत्रमागाचा मालक मुकादमावर ओरडतो, मुकादम कामगारावर, कामगार घरी जाऊन बायकोवर. बिडी वळणाऱ्या बाईनं दिवसभर पाठ मोडून वळलेल्या बिड्यांतून कारखान्यात छाट निघते, म्हणजे काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतात, तेवढी मेहनत फुकट जाते. तिथं ती एक शब्द बोलू शकत नाही, उद्या पानं-तंबाखू मिळायला हवीत. घरी आल्यावर पाठीत धपाटा बसतो तो पोरीच्या. त्या बाईबद्दल मला मनापासून वाटतं, तिच्यावर होणारा अन्याय खरा आहे. पण त्या पोरीच्या पाठीवरचा वळही खराच आहे, आणि त्या पोरीच्या खाली आता फक्त धाकटा भाऊ उरतो.

मुलं हे बघत असतात. अल्बर्ट बंडुरा यांचा बाहुल्याला मारण्याचा १९६१ चा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. मला १९६५ चा जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांना एक फिल्म दाखवली, त्यात मोठा माणूस बाहुल्याला बडवतो. काहींच्या फिल्ममध्ये त्याला शेवटी शिक्षा झाली, काहींच्यात शाबासकी मिळाली, काहींच्यात काहीच झालं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर कमी नक्कल केली. मग सगळ्यांनाच सांगितलं, जे पाहिलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. फरक गेला. शिक्षा पाहिलेल्यांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे मारायचं कसं हे प्रत्येकजण शिकलेलाच होता, आणि केव्हा मारलं तर चालतं हेही. सात रस्त्याला त्या दिवशी माना डोलावणाऱ्यांच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली पोरं उभी होती. त्यांना काय दाखवलं आपण?

"राग दाबू नये, काढून टाकावा, नाहीतर कुकरसारखा फुटतो" हा सल्ला सुशिक्षित घरांत फार चालतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये तो तपासला. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले राहिले आणि नंतर जास्त आक्रमक वागले. तेव्हा मुलांना उशी बडवायला सांगू नका. तिथून उठून जाऊ द्या, पाणी पिऊ द्या, अंगातली धडधड उतरू द्या. बोलणं नंतर होतं.

हे घरातलं झालं. पण ज्यांच्या हातात शहराच्या पाण्याचं नियोजन आहे त्यांनाही मला विचारायचं आहे. उजनी धरण भरलेलं असतं तेव्हाही नळाला काही दिवसांआड पाणी, आणि तेही कधी रात्री दोनला, कधी पहाटे. त्रास कधी येणार हे माहीत नसलं की तोच त्रास माणसाला जास्त पोखरतो, हे १९७२ मध्ये ग्लास आणि सिंगर यांनी गोंगाटाच्या प्रयोगांतून दाखवलंय. अर्धी झोप मोडून मोटर लावायला उठलेली बाई सकाळी पोरांवर खेकसते, शेजारणीशी भांडते. पाणी रोज देता येत नसेल तर निदान गल्लीनिहाय वेळ आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळवा आणि ती पाळा. त्याला नवं धरण लागत नाही.