ॲलर्जी, कायमची औषधे आणि लस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोठ्या माणसांच्या लसींवरील माझ्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया लिहिली आहे. आपल्या मातोश्रींना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हृदयाची झडप बदलल्यापासून त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतात. अशा रुग्णाला फ्लूची लस सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे, कारण २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन या कोविडच्या लसीच्या कंपनीनेच आपल्या पत्रकात अशा लोकांना लस घेऊ नका म्हणून सांगितले होते, असे आपले म्हणणे आहे. शिवाय, ‘काही झाले तर शाहूपुरीतला मेडिकलवाला धावून येणार आहे का?’ असेही आपण विचारले आहे.

पत्रकाबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. जानेवारी २०२१ मधील कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात ॲलर्जीचा पूर्वेतिहास असणारे, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, या सर्वांना लस न घेण्याचा सल्ला होता. मात्र तेव्हा त्या लसीच्या चाचणीचा तिसरा टप्पा अजून पुरा व्हायचा होता आणि अशा रुग्णांविषयीची पुरेशी माहिती हाती नव्हती. अपाय होतो असे दिसून आल्यामुळे घातलेली मनाई आणि माहिती नसल्यामुळे पाळलेली सावधगिरी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. त्याच महिन्यातील कोविशील्ड या कोविडच्या दुसऱ्या लसीच्या पत्रकातली मुख्य मनाई लसीच्या आधीच्या डोसनंतर किंवा तिच्यातील एखाद्या घटकामुळे तीव्र ॲलर्जी झालेल्यांपुरती होती. तेव्हा एका नव्या लसीच्या पहिल्या पत्रकातील मजकूर कित्येक दशके वापरात असलेल्या फ्लूच्या लसीला लावणे मला पटत नाही.

आता ॲलर्जीविषयी. ती कशाची आहे आणि किती तीव्र आहे, हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. पेनिसिलिन किंवा सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना लस चालते, कारण लसींमध्ये ही औषधे नसतात. काही लसींमध्ये निओमायसिन किंवा पॉलिमिक्सिन ही वेगळी प्रतिजैविके मात्र अंशमात्र असतात. धूळ, कोळंबी, शेंगदाणे यांच्या ॲलर्जीचाही लसीशी संबंध नाही. अंड्याची भीती फ्लूच्या लसीबाबत पूर्वी बाळगली जाई, परंतु अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०२३ पासून त्यासाठीची वेगळी खबरदारीसुद्धा काढून टाकली आहे. आफ्रिकेत जाणाऱ्यांना लागणाऱ्या पीतज्वराच्या लसीबाबत मात्र अंड्याची ॲलर्जी आजही गांभीर्याने घ्यावी लागते. आणि ज्याला लसीच्याच आधीच्या डोसनंतर श्वास कोंडणे, अंगभर गांधी उठणे, रक्तदाब कोसळणे असे झाले असेल, त्याने ती लस तज्ज्ञाला विचारल्याखेरीज मुळीच घेऊ नये.

धोका शून्य आहे असे मी लिहिलेले नाही. अमेरिकेतील अडीच कोटींहून अधिक डोसांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर दहा लाख डोसांमागे सुमारे १.३ जणांना ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, झाल्याचे आढळले. आपल्याकडेही मार्च २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू ॲनाफायलॅक्सिसनेच झाल्याचे राष्ट्रीय समितीने त्याच वर्षी मान्य केले. म्हणूनच आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की मेडिकलवाला धावून येऊन उपयोग नाही. लस दुकानात, गल्लीत किंवा घरी टोचून घेऊच नये. जिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन भरून देणारा माणूस हजर असेल आणि अर्धा तास बसवून ठेवतील, तिथेच घ्यावी. ॲड्रेनलिन हेच पहिले औषध, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ॲव्हिल या ॲलर्जीवरच्या नेहमीच्या औषधाने खाज थांबते, पण कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. आधीच सेट्रिझिन घेऊन जाण्याची काहींना सवय असते, त्याने सुरुवातीची लक्षणे झाकली जाण्याचीच शक्यता अधिक. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे, कारण या गोळ्यांमुळे ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. गोळी मात्र मनाने बंद करू नये, ते हृदयाला महागात पडते.

वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लस घेता येते. आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) ठरलेल्या मर्यादेत असावा, सुई बारीक असावी आणि टोचलेली जागा न चोळता किमान दोन मिनिटे दाबून धरावी. लसीसाठी ही गोळी थांबवणे कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याला निमंत्रण आहे आणि त्यापुढे दंडावरचा काळानिळा डाग क्षुल्लक आहे.

मेथोट्रेक्सेटचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तिथे लस कोणती यावर सारे अवलंबून असते. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसींत जिवंत पण दुर्बल केलेले विषाणू असतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवडे किंवा जास्त काळ घेणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी प्रभावी औषधे घेणाऱ्यांना या लसी देत नाहीत. फ्लूची टोचायची लस, न्युमोनियाची लस आणि २०२३ मध्ये भारतात आलेली नागिणीची शिंग्रिक्स यांत जिवंत जंतू नसतात, त्यामुळे त्यांच्यापासून तो आजार होत नाही. अडचण एवढीच की परिणाम थोडा कमी मिळू शकतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये असे सुचवले आहे की फ्लूची लस घेतल्यानंतर, आजार आटोक्यात असेल तर, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावे. ते थांबवायचे की नाही हे मातोश्रींच्या डॉक्टरांनी ठरवावे. मात्र लसच नको म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की फ्लूनंतरचा न्युमोनिया अशाच रुग्णांना अधिक गाठतो.

एका लसीबाबत मात्र हा विचार करत बसू नये. कुत्रे चावल्यावर रेबीजच्या लसीला ॲलर्जी, गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी, यांतले कोणतेही कारण आड येत नाही, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड चालू असल्याचे केसपेपरवर आवर्जून लिहून घ्यावे, कारण अशा रुग्णाला केवळ ओरखडा असला तरी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते.